मोकळा ठेवलेला सांधा

नसीम, परवा विद्यापीठात तुझी शोकसभा झाली. तुझ्याच इमारतीत, तळमजल्याच्या दर्शनी दालनात. तुझ्या फोटोला कुणीतरी झेंडूचा हार घातला होता. तुझ्या अम्मींनी मला कोपराने ढोसलं, तेव्हा मी तो काढून टेबलावर ठेवला. मग भाषणं झाली. तू किती हुशार, किती शिस्तीची, किती मितभाषी. तुला मितभाषी म्हणणाऱ्या माणसाने साइटवर तुझ्याबरोबर एक सकाळ काढायला हवी होती. मी मनातल्या मनात हसत होते, म्हणून पुढचं बोलणं मला जरा उशिरा कळलं. बांधकाम विभागाचे साहेब सांगत होते, की मॅडमच्या नावाची काळ्या ग्रॅनाइटची भव्य पाटी इथेच बसवायची, आत शिरताच समोर दिसेल अशी. पाटीला पक्का आधार मिळावा म्हणून मागची मोकळी जागा आधी काँक्रीटने भरून घ्यायची. "म्हणजे ती भेगही कायमची झाकली जाईल," असं ते म्हणाले. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लोक विसरले आणि टाळ्या वाजल्या.

ते ज्याला भेग म्हणत होते तो तुझा सांधा, नसीम. जोत्यापासून गच्चीपर्यंत सरळ वर गेलेली, तळहात आडवा बसेल एवढी मोकळी जागा. इमारतीचे दोन भाग एकमेकांना लागू नयेत म्हणून तू माझ्याशी, गुत्तेदाराशी, विद्यापीठाशी भांडून ठेवलेली. मी "थांबा" म्हणून उठणारच होते, पण शेजारी अम्मी होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्या रडत रडत हसत होत्या. "हौ बेटा, विद्यापीठ की दीवार पे मेरी बच्ची का नाम," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पाटीचा नकाशा मीच काढावा असंही तिथेच ठरलं. मी मान हलवली आणि घरी आले. तुझं नाव लावलं तर तुझं काम जातं, आणि काम राखायचं तर त्या म्हाताऱ्या बाईला सांगावं लागतं की तुमच्या लेकीचं नाव तिथे नको. दोन दिवस मी तुझ्यावरच चिडून होते. असली कोडी सोडवायला तू असायचीस.

नांदेडच्या कॉलेजात सिव्हिलच्या वर्गात मुली आपण दोघीच. रेणापूरच्या शेतकऱ्याची मी आणि तिथल्याच इतवारा पेठेत पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या घरातली तू. ओळख झाली त्याच आठवड्यात तू मला तुमच्या दुकानात नेलंस आणि एक सपाट पत्रा माझ्या हातात दिलास. तो मधोमध लोंबला. मग तुझ्या अब्बांनी त्याच पत्र्याच्या कडा दुमडल्या आणि तू तो पुन्हा माझ्या हातात ठेवलास. आता तो ताठ राहिला. "वजन तेवढंच, माल तेवढाच. नुस्ती घडी घातली, सुनी!" असं म्हणताना तुझे डोळे असे मोठे झाले होते, जणू तो पत्रा त्या क्षणी पहिल्यांदाच ताठ झाला होता. लहानपणापासून रोज बघितलेली गोष्ट होती ती. मला वाटलं, ही पोरगी जरा येडीच आहे. पण दुसऱ्या दिवशी वर्गात बाकाची पट्टी, खिडकीचा गज, पंख्याचं पातं असं सगळं मी निरखत बसले होते, ते तुझ्यामुळे.

किल्लारीकडचा भूकंप झाला तेव्हा आपण शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजातून धान्य आणि चादरी घेऊन निघालेल्या गाडीत आपण दोघी बसलो. त्या गावात घर कुठलं आणि गल्ली कुठली तेच कळत नव्हतं. सगळीकडे दगड. चादरी वाटून झाल्यावर तू मला एका अर्धवट उभ्या भिंतीपाशी बोलावलंस. ती हातभर जाड भिंत उभी सोलल्यासारखी झाली होती. बाहेरच्या अंगाचे दगड बाहेर पडलेले, आतल्या अंगाचे आत, मधे माती आणि कपच्या. तू कितीतरी वेळ तिथे उभी होतीस. "आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना धरूनच नव्हते गं," तू म्हणालीस. "एवढी वर्षं नुसते शेजारी राहत होते." त्याच घराचे सागवानी खांब आणि तुळया मात्र जागच्या जागी होत्या. मला ते बघवेना. मी गाडीत जाऊन बसले. तू परत आलीस तेव्हा तुझ्या ओढणीला माती लागलेली होती आणि तू एवढंच बोललीस, "मेरे कू स्ट्रक्चरच करना है."

पुढे मी पुन्हा शिकून इमारतींचे आराखडे काढू लागले आणि लातूरला बसले. तू नांदेडला राहिलीस आणि इमारती उभ्या कशा राहतात ते बघू लागलीस. लोकांना आपल्यातला फरक सांगताना तू म्हणायचीस, "ही फोटोवाली. फोटोत दिसतं ते हिचं, दिसत नाही ते माझं." मी तुला काँक्रीटची आत्या म्हणायचे, कारण तू हात लावलास की माझे नाजूक खांब जाडजूड होऊन परत यायचे.

तोवर लातूर शिकवण्यांसाठी सगळीकडे माहीत झालं होतं. गावोगावची पोरं ट्रंक आणि गादी घेऊन उतरायची. अभ्यासाला जागा पुरेना, परीक्षांना वर्ग पुरेनात. अशात विद्यापीठाने लातूरच्या आवारात ग्रंथालय आणि परीक्षांची इमारत एकत्र बांधायची ठरवली आणि आराखड्याचं काम माझ्याकडे आलं. मी काटकोनात वळलेली इमारत काढली. एक लांब भाग ग्रंथालयाचा, एक आखूड भाग परीक्षांचा, आणि दोन्हींच्या कुशीत पश्चिमेचं ऊन न लागणारं अंगण. मला ती फार आवडली होती. तू नकाशा पाहिलास आणि कपाळावर हात मारलास.

"जमीन हलली की हा लांब भाग एका तालात हलणार आणि हा आखूड दुसऱ्या. कोपऱ्यावर दोघं एकमेकांना फाडतील."

"मग कोपरा मजबूत कर. तुझं कामच ते."

"मजबूत केला तर जास्त फाडतील. आकार बदल."

"आकार बदलणार नाही. अंगण जाईल."

तू उठून गेलीस. चहा पिऊन परत आलीस आणि पेन्सिलीने माझ्या कोपऱ्यातून एक सरळ रेघ ओढलीस. म्हणालीस, "ठीक आहे. मग ही एक इमारत नाही. या दोन इमारती आहेत, शेजारी शेजारी उभ्या. मधे जागा सोडायची. ज्याला जसं हलायचं तसं हलू दे." आपल्या इतक्या वर्षांच्या सोबतीत दोघींचंही खरं झालं असं तेवढं एकच भांडण मला आठवतं.

दगडाच्या भांडणात मात्र मी सपशेल हरले. मला भिंतींना काळा दगड हवा होता. मी दगडी घरात वाढले, मला त्या भिंतींचा गारवा ठाऊक होता. मी म्हटलं, दोष दगडाचा नव्हता, बांधण्याचा होता. तू लगेच कबूल केलंस. "दगड वाईट नाही गं, जड आहे. जमीन हलते तेव्हा जेवढं वजन, तेवढा धक्का. दगड पायाखाली राहू दे, डोक्यावर नको." म्हणून अंगणात फरशी काळ्या दगडाची झाली आणि वरच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या. अंगणाचं काम संपल्यावर तू चप्पल काढून त्या फरशीवर चालून आलीस आणि फार छान झाल्याचं तोंड भरून सांगितलंस. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पण खरं सांगू का, त्या इमारतीतलं सगळ्यात देखणं जे होतं ते मी काढलेलं नव्हतंच. ते मी एका सकाळी पाहिलं. खालच्या मजल्याचे खांब भरायचे होते. तू मला फोन करून बोलावून घेतलंस, "आज ये, उद्या झाकलं जाईल." मी पोचले तर उघड्या आभाळाखाली सळयांचे पिंजरे रांगेने उभे होते. उभ्या जाड सळया आणि त्यांना कवटाळून बसलेल्या रिंगा, सांध्यांपाशी इतक्या जवळजवळ की बोट जाईना. प्रत्येक रिंगेचं टोक खांबाच्या गाभ्यात आत वळवलेलं. कोवळं ऊन त्यातून आरपार येत होतं. कुठली सळई का, कुठली किती लांब, हे सगळं तुझ्या डोक्यातून आलेलं होतं. माझी मैत्रीण, जिला साधा वरणभात धड करता येत नव्हता, तिने अजून न आलेल्या भूकंपाशी बसून बोलणी केली होती आणि त्याला कुठे वाट द्यायची ते ठरवून टाकलं होतं.

गुत्तेदार तुझ्यावर वैतागलेला होता. काही रिंगांची टोकं बाहेरच नुसती काटकोनात वाकवली होती म्हणून तू अख्खा खांब सोडवायला लावला होतास.

"म्याडम, काँक्रीटमधी बुडनार ते," तो म्हणाला. "कोन येनाराय बघायला?"

"भूकंप येणार आहे बघायला," तू म्हणालीस.

सगळे हसले. तू हसली नव्हतीस, आणि मग हळूहळू सगळ्यांचं हसू थांबलं. गुत्तेदाराने त्याच दुपारी ती टोकं आत वळवून घेतली. नंतर मी तुला विचारलं, एवढं करूनही मोठा धक्का आला तर इमारतीला काही होणार नाही ना? तू म्हणालीस, होईल की. भेगा पडतील, बीम वाकतील. फक्त आधी काय मोडायचं ते आपण ठरवायचं. आधी बीम, खांब शेवटी, आणि त्या मधल्या वेळात पोरं बाहेर. मोडण्याचीही जागा आधी ठरवता येते, हे मला माहीतच नव्हतं. आजही त्या खांबांजवळून जाताना मी आवाज खाली आणते.

इमारत झाली आणि मारुतीभाऊंची गाठ पडली. देखभालीचं काम त्यांच्याकडे. कुठली पाहणी समिती यायची असली की त्याआधी रंगरंगोटी होई आणि मारुतीभाऊ तुझा सांधा सिमेंटने भरून, घोटून, वर रंग मारून मोकळे होत. तू नांदेडहून अहमदपूरमार्गे सकाळच्या बसने यायचीस, दालनात पाय ठेवायचीस आणि तिथूनच ओरडायला लागायचीस. मग छिन्नी-हातोडा, धूळ, सगळं फोडून काढणं. पुढच्या पाहणीला पुन्हा तेच. अशा एका खेपेला मीही होते. तुझा आवाज पार अंगणापलीकडे जात होता.

"भेग व्हती म्याडम," ते खाली मान घालून म्हणाले. "बुजिवली."

"कितीदा सांगितलं, भेग नाही ती! का बुजवता?"

ते खाली पडलेल्या कपच्या गोळा करू लागले. तेव्हा तू आवाज खाली आणलास आणि विचारलंस, "मारुतीभाऊ, गाव कोणतं तुमचं?"

त्यांनी गाव सांगितलं. औशाकडचं, भूकंपातलं. "थोरल्या भावाचं समदं घर गेलं," ते म्हणाले. "त्याच्या भितीला आदल्या सालीच भेग पडली व्हती. म्या म्हनलं व्हतं, सुगी झाली की यिऊन बुजवितो. ऱ्हाऊन गेलं."

तू जिन्याच्या पायरीवर बसलीस. मी दुसरीकडे पाहत होते. त्या दिवशी तू त्यांना काही समजावलं नाहीस. पुढच्या खेपेला, भर उन्हाळ्यात, तू एक लाकडी पाचर घेऊन आलीस. सकाळी ती सांध्यात सहज सरकत होती. दुपारी ऊन तापल्यावर त्यांना पुन्हा सरकवायला सांगितलंस, तर ती घट्ट बसली. उन्हाने दोन्ही भाग फुगतात, रात्री आखडतात, एवढं तू सांगितलंस आणि पाचर त्यांच्याकडेच ठेवलीस. त्यानंतर सांधा कुणी भरला नाही. तू बसमधून उतरलीस की मारुतीभाऊ आपणहून सांगायचे, "दुपारी लई आवळती म्याडम, सकाळी सैल पडती."

आपलं भांडण मात्र चालूच राहिलं. माझं म्हणणं, भिंतीवरच्या सांध्यावर एका बाजूने ठोकलेली, दुसऱ्या बाजूने सुटी अशी पट्टी लावू. हलायचं ते हलेल आणि दिसणार नाही. तुझं म्हणणं, जमिनीवर पट्टी हवीच, पाय अडकतील. भिंतीवरचा सांधा लोकांना दिसू दे. मी म्हणायचे, परीक्षेला पोरांना घेऊन आलेले आईबाप त्याला भेग समजून घाबरतात. एक बाई तर पोरीला हाताला धरून बाहेर घेऊन गेली होती. तू म्हणायचीस, शिकतील. मी म्हणायचे, "नसीम, ही माणसं कुठली आहेत ते बघ. यांनी भेगा पडून माणसं गेलेली पाहिलीत. यांना भेगेवर विश्वास ठेवायला नको सांगूस." त्यावर तू खांदे उडवायचीस. मला ते खांदे उडवणं अजिबात आवडायचं नाही.

लातुरात तेव्हा वसतिगृहं उगवत होती. खाली गाड्यांसाठी मोकळी जागा, बारीक पायांवर उभी, आणि वर मजल्यावर मजले पोरांनी भरलेले. आपण दोघी त्या रस्त्याने चालत निघालो की तू मधेच थांबून वर बघत राहायचीस. दोरीवर गणवेश वाळत असायचे, खिडकीत पुस्तकं. "खालचे पाय बघ, सुनी," तू म्हणायचीस, "आणि वर कोण आहे ते बघ." असल्या नकाशांवर तू कधी सही केली नाहीस. लोक तुला भित्री म्हणायचे. घाबरट बाई कुठली, असं माझ्या तोंडावर बोललेत. आणि ते खरंही होतं. तू घाबरायचीस, रोज, त्या प्रत्येक खिडकीसाठी. एवढी भीती बाळगून एखादं माणूस इतकं आनंदी कसं राहू शकतं, याचं मला कायम नवल वाटत आलं.

मग ती प्रवेशपरीक्षा. इमारत पोरांनी भरलेली, आईबाप फाटकाबाहेर झाडाखाली. आपण कँटीनमध्ये होतो. जमिनीतून घरघर ऐकू आली आणि टेबलावरच्या बश्या वाजल्या. असे बारके धक्के आपल्याकडे अधूनमधून बसतात, पण फाटकाशी जो कल्लोळ उठला तो मी विसरणार नाही. सगळे बाहेर पळत होते आणि तू इमारतीकडे पळत सुटलीस. मी तुझ्या मागे. पोरं रांगेने बाहेर येत होती. घाबरलेली होती, पण एकालाही खरचटलं नव्हतं. सांध्यातून थोडी धूळ गळली होती. आणि मारुतीभाऊ तिथे हात पसरून उभे होते, एक तळवा या भिंतीवर, एक त्या भिंतीवर.

"येगयेगळं हाललं म्याडम," ते म्हणाले. "ह्या हाताला येगळं, त्या हाताला येगळं. म्या सोता बघितलं."

तू तिथेच रडायला लागलीस. किल्लारीला न रडलेली तू. मी तुला बाजूला घेतलं तर म्हणालीस, "एवढ्याशा धक्क्यानं काही सिद्ध होत नाही. लिहून ठेव, काही सिद्ध होत नाही." आणि परत रडलीस. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणालीस, "पण कुणीतरी पाहिलं ना गं."

तेव्हा मला कळलं की तुलाही ते हवं होतं. आम्ही इमारतीचे फोटो काढत राहिलो, आणि तू जे केलंस ते काँक्रीटमध्ये बुडत गेलं. अम्मी तर हसत हसत विचारायच्या, "दीवार तो गवंडी बांधता, नक्शा तो सुनंदा निकालती, तो तू क्या करती गे?" तू त्यांना दर वेळी नवं काहीतरी सांगायचीस. कधी म्हणायचीस, मी सळया मोजते. कधी म्हणायचीस, मी गुत्तेदाराला शिव्या देते. एकदाही नीट सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? हे विचारायचं राहून गेलं.

शेवटचं भेटलो तेव्हा तू गादीवर उशांना टेकून बसलेली होतीस, मनगटं इतकी बारीक झालेली, आणि तरी भांडणाच्या तयारीत. "सुनी, सांधा झाकू नकोस. लोक कबूल करतील त्याला. बघ तू." मला तुला हसवायचं होतं, म्हणून मी नेहमीसारखंच बोलले, "आपल्या हयातीत तरी नाही." तू हसलीस. मग खोकला आला आणि अम्मी पाणी घेऊन आल्या. आपलं शेवटचं बोलणं ते. कबरस्तानात बायका जात नाहीत, म्हणून त्या दिवशी मी आणि अम्मी घरातच बसलो. बाहेर पावलं वाजली, दूर गेली, आणि मग कितीतरी वेळ दोघींना काय करावं ते कळेना.

आज सकाळी मी माझ्याकडे थांबलेल्या अम्मींना इमारतीत घेऊन गेले. बसमध्ये मनात वाक्यं जुळवत होते. गुरुत्वमध्य, कंपन, काय काय. त्या दालनात आल्या आणि माझी सगळी वाक्यं गळून पडली. अम्मींनी सांध्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"यहींच लगाते ना नाम? अच्छा है. दरार छुप जाती."

मी तोंड उघडणार तोच मारुतीभाऊ झाडू टेकवून पुढे आले. आता थकलेत ते.

"आमा, ती झाकायची न्हाई," ते म्हणाले.

"कायकू?"

त्यांनी भावाच्या घराचं सांगितलं. सुगीचं सांगितलं. स्वतः सांधा किती वेळा बुजवला आणि तू किती वेळा फोडून काढलास तेही सांगितलं. मग अम्मींचा हात धरून त्यांचा तळवा एका भिंतीवर ठेवला आणि दुसरा दुसरीवर, तसंच उभं केलं त्यांना. "हिकडचं येगळं हाय, तिकडचं येगळं. मधी म्याडमनी जागा ठिवली म्हून दोघं बी ऱ्हातेत. आता सायेब म्हनतेत भरा. म्या न्हाई भरनार. काढा म्हनलं मला कामावरनं."

अम्मी तशाच उभ्या राहिल्या. सांध्यातून वारा येत होता, त्यांचा पदर हलत होता. मग माझ्याकडे वळल्या.

"ये नसीमने रखवाई?"

"हौ अम्मी. भांडून."

"किससे?"

"माझ्याशी. सगळ्यांशीच."

त्या हसल्या, तुझ्यासारख्याच, एका बाजूने. मग त्यांनी मान वर करून तो सांधा छतापर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "तो ये करती थी मेरी बच्ची." आणि तिथेच, त्या भिंतीला टेकून, पोटभर रडल्या. मीही रडले. परीक्षेला आलेली पोरं आमच्या बाजूने वाट काढत वर जात होती. निघताना अम्मी साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "नाम बाजू में लगाव. वो जगह कू हाथ नक्को लगाव." साहेब उभे राहिले आणि बरं म्हणाले. त्या बाईला नाही म्हणायची कुणाची छाती होती?

म्हणजे तू जिंकलीस. आणि ते ऐकायला, मला चिडवायला, खांदे उडवायला तू नाहीस, याचा मला भयंकर राग आलाय. माझं एकच वाक्य खरं ठरलं, आपल्या हयातीत नाही हे, आणि तेवढंच खोटं ठरलं असतं तर मी आयुष्यभर तुझी हमाली केली असती.

आता समोर पाटीचा नकाशा आहे. लहान पाटी, पातळ, ग्रंथालयाच्या भागावर, सांध्यापासून चांगली दूर. खांबाला भोक पाडलं तर तू कबरीतून उठून येशील, म्हणून ब्लॉकच्या भिंतीवर. दाराच्या वर नाही, पोरं तिथून पळतील. वजनाचा हिशेब आज पहिल्यांदा मी एकटीने केला. दोन बोल्ट पुरतात. मी चार काढलेत. एवढ्याशा पाटीला चार कशाला, असं साहेब विचारणारच. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं काम आजवर तुझं होतं. उद्या मी देईन.